जननांगी हर्पीस : संज्ञा, अहवाल आणि आपली जबाबदारी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वेल्हे खोऱ्यातील एका गावातून तिशीच्या आतील एक विवाहित गृहस्थ आमच्या भोर येथील चिकित्सालयात आले. शिश्नमण्यावर बारीक फोडांचा पुंजका, त्यांतील काही फुटून झालेले उथळ व्रण, तीव्र दाह आणि जांघेत अवधाण अशी लक्षणे होती. असेच फोड मागील वर्षभरात दोनदा येऊन आपोआप निवळल्याचे त्यांनी सांगितले. आम्ही लक्षणे जुळविली, केसपेपरवर सवयीप्रमाणे 'पित्तज उपदंश' असे निदान लिहिले, औषध व पथ्य सांगितले. आठवडाभरात त्यांना बरे वाटले आणि प्रकरण आमच्या लेखी संपले.

रुग्णाच्या लेखी मात्र ते तेथून सुरू झाले. तो केसपेपर घरातील एका शिकलेल्या नातेवाइकाच्या हाती लागला. त्याने कोशात शब्द पाहिला. उपदंश म्हणजे सिफिलिस. महिनाभरात पत्नी माहेरी गेली. पुढे व्ही.डी.आर.एल. आणि एच.आय.व्ही. या दोन्ही तपासण्या नकारार्थी आल्या, परंतु त्या येईपर्यंत तीन महिने उलटले होते. या तपासण्या पहिल्याच दिवशी करून घेणे हे आमचे काम होते, तेही राहून गेले होते. त्या गृहस्थांनी आम्हांला विचारलेला प्रश्न आजही कानांत आहे : "डॉक्टर, तुम्ही लिहिलं ते खरं, का आता रिपोर्टात आलं ते खरं?"

दोन्ही खरे होते. आम्ही सुश्रुताचार्यांच्या अर्थाने लिहिले होते आणि जगाने ते आजच्या अर्थाने वाचले. चूक औषधाची नव्हती, शब्दाची होती, आणि ती सर्वस्वी आमची होती.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात वैद्याला एक मोठा दिलासा दिला आहे. एखाद्या विकाराचे नाव सांगता आले नाही तर वैद्याने लाज बाळगू नये, कारण सर्वच विकारांना निश्चित नावे नसतात. दोष, अधिष्ठान व हेतू जाणून चिकित्सा करावी, असा त्याचा आशय. आपण सर्वजण हे वचन शिकलो आहोत. त्याची दुसरी बाजू मात्र आम्हांला या प्रसंगाने शिकविली. नाव न सांगण्यात लाज नाही. परंतु चुकीचा अर्थ घेतला जाईल असे नाव कागदावर लिहून देण्यात धोका आहे. जननांगी हर्पीस या रोगात हा धोका सर्वाधिक आहे. म्हणून या रोगाशी संबंधित संज्ञांचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

शास्त्रातील शब्द आणि व्यवहारातील शब्द

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील बाराव्या अध्यायात वृद्धी व श्लीपद यांच्यासह उपदंशाचे वर्णन आहे. तीन दोषांचे तीन, सान्निपातिक व रक्तज असे त्याचे पाच प्रकार आहेत. हेतूंमध्ये मैथुनातील अनाचाराबरोबरच नख-दंतांचा आघात व अस्वच्छता यांचाही समावेश आहे. म्हणजे शास्त्रातील उपदंश हा जननेंद्रियावरील अनेक प्रकारच्या व्रणशोथांना सामावून घेणारा शब्द आहे. आजच्या मराठी व हिंदी कोशांत आणि आरोग्यविषयक पत्रकांत मात्र 'उपदंश' हा शब्द केवळ सिफिलिससाठी रूढ झाला आहे.

येथे भावमिश्रांची आठवण होते. सोळाव्या शतकात परदेशी लोकांबरोबर आलेला नवा रोग त्यांनी पाहिला तेव्हा त्याला जुन्या उपदंशात न कोंबता 'फिरंग' असे स्वतंत्र नाव दिले आणि भावप्रकाशात त्याचे स्वतंत्र वर्णन केले. नव्या रोगाला नवे नाव देण्याची परंपरा आपल्याच शास्त्रात आहे. तेव्हा हर्पीसला हर्पीस म्हणण्याने आयुर्वेदाचा काही उणेपणा होतो, असे मानण्याचे कारण नाही.

'विसर्प' या शब्दाची गंमत याहून वेगळी आहे. हर्पीस हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आला असून तो धातू व आपला 'सृप्' धातू भाषाशास्त्राच्या दृष्टीने एकाच मूळचे आहेत. परंतु शब्दांचे कूळ एक म्हणून रोगही एक असे होत नाही. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या एकविसाव्या अध्यायात सांगितलेल्या सात प्रकारच्या विसर्पांत वेगाने पसरणारे, मारक ठरणारे शोथही आहेत आणि आधुनिक परिभाषेत विसर्प हा शब्द एरिसिपेलस या जिवाणुजन्य रोगासाठी वापरला जातो. हिंदी परिभाषेत हर्पीससाठी 'परिसर्प' शब्द योजतात, तर सुश्रुतांच्या क्षुद्रकुष्ठांत परिसर्प नावाचा वेगळाच विकार आहे. शूकदोषांच्या अठरा प्रकारांतही जननेंद्रियावरील पिडकांची अनेक वर्णने आहेत. त्यांपैकी एखाद्यात हर्पीस तंतोतंत बसविण्याचा मोह आवरावा, असे आमचे मत झाले आहे.

आम्ही आता केसपेपरवर दोन ओळी लिहितो. पहिल्या ओळीत दिसते ते : 'जननांगी वेदनायुक्त बहुविध व्रण, पित्त-रक्तदुष्टी'. दुसऱ्या ओळीत 'हर्पीस संशयित, तपासणी आवश्यक'. उपदंश हा शब्द एकट्याने कागदावर लिहिणे आम्ही पूर्ण बंद केले आहे.

सिम्प्लेक्स आणि झोस्टर

आपल्या भागात हर्पीस म्हटले की रुग्णाच्या डोळ्यांपुढे 'नागीण' येते. नागिणीचा वेढा पूर्ण होऊन तोंड-शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत मावळात घरोघर आहे. नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गंडिकेत राहतो व पुढे कधीतरी एका बाजूच्या पट्ट्यात उफाळतो. सुश्रुतांच्या क्षुद्ररोगांतील 'कक्षा' याच्याशी अनेक विद्वान त्याची तुलना करतात. हा लैंगिक संसर्गाने होणारा रोग नव्हे.

हर्पीस सिम्प्लेक्स हा त्याच कुळातील परंतु निराळा विषाणू होय. त्याचे दोन प्रकार आहेत. एच.एस.व्ही. १ बहुधा तोंडाभोवती आढळतो. तापानंतर ओठाच्या कडेला उठणारे फोड बहुधा याचेच. तो बहुतेकांना बालपणीच घरातील मायेच्या स्पर्शातून मिळालेला असतो. एच.एस.व्ही. २ मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो. परंतु ही विभागणी काटेकोर नाही. मुखमैथुनाद्वारे पहिला प्रकारही जननांगी येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालासाठीच्या अंदाजानुसार पन्नास वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांना, म्हणजे या वयोगटातील सुमारे ६४ टक्क्यांना पहिल्या प्रकाराचा, तर १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांना, म्हणजे १३ टक्क्यांना दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग आहे. त्यांपैकी बहुसंख्यांना त्याची कल्पनाही नसते.

म्हणून नुसते 'हर्पीस' असे कधीही बोलू नये व लिहू नये. झोस्टर की सिम्प्लेक्स, आणि सिम्प्लेक्स असल्यास ओठाचा की जननांगाचा, एवढे तरी त्यापुढे असलेच पाहिजे.

रोगाचा क्रम सांगणाऱ्या संज्ञा

पुण्याहून आलेल्या रुग्णांच्या कागदांवर काही शब्द वारंवार दिसतात. त्यांचे नेमके अर्थ असे :

प्रायमरी इन्फेक्शन : शरीराचा या विषाणूशी आलेला पहिलाच संबंध. संसर्गानंतर साधारण २ ते १२ दिवसांत लक्षणे दिसू शकतात. या वेळी ताप, अंगमोड, दोन्ही जांघांत अवधाण व तीव्र मूत्रदाह असू शकतो.

फर्स्ट एपिसोड : लक्षणांचा पहिला वेग. हा शब्द प्रायमरीचा समानार्थी नव्हे. संसर्ग अनेक वर्षांपूर्वी होऊन लक्षणे प्रथम आज दिसू शकतात. या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भेद कोणता असे विचारल्यास आम्ही हाच सांगू. पहिल्यांदा फोड आले म्हणजे नुकताच कोणाकडून तरी संसर्ग झाला, या एका चुकीच्या तर्काने किती संसार मोडण्याच्या काठाला आले असतील याची गणती नाही.

लेटन्सी : सुप्तावस्था. फोड सुकल्यावर विषाणू कटीखालील त्रिक भागातील मज्जागंडिकांत दडून राहतो. आपल्या परिभाषेतील 'लीन' शब्द येथे समजावण्यासाठी उपयोगी पडतो. मात्र लीन दोष व सुप्त विषाणू एकच असे समीकरण करू नये.

प्रोड्रोम : पूर्वरूप. हा शब्द आपल्या शब्दाशी अगदी जुळतो. फोड उठण्यापूर्वी काही तास ते एक-दोन दिवस त्या जागी मुंग्या, टोचणी वा आग, कधी मांडीत अथवा नितंबात कळ. पूर्वरूप ओळखण्यास रुग्णाला शिकविले तर निम्मे काम होते.

रिकरन्स : पुनरावर्तन. दुसऱ्या प्रकारात ते अधिक वेळा होते व काळ लोटतो तसे सामान्यतः विरळ होत जाते. येथे उत्पादक हेतू व व्यंजक हेतू हा आपला भेद फार उपयोगी आहे. विषाणू हा उत्पादक हेतू. ताप, रजःकाल, जागरण, मनस्ताप, घर्षण हे व्यंजक. रुग्णाला हे सांगितले की प्रत्येक वेगाच्या वेळी घरात नवा संशय उत्पन्न होत नाही.

शेडिंग : कोणतेही लक्षण नसताना त्वचेवाटे विषाणू बाहेर पडणे. बहुतेक संसर्ग अशाच काळात दिला-घेतला जातो. देणाऱ्याला आपण देत आहोत हे ठाऊक नसते. निरोधमुळे धोका कमी होतो, संपूर्ण टळत नाही.

अहवालातील शब्द

दुसरा प्रसंग भोर तालुक्यातीलच. दोन गर्भपात झालेली एक तरुणी सासूबाईंसह आमच्याकडे आली. नवरा शिरवळच्या बाजूला कारखान्यात कामाला. बाहेर कोठेतरी तिची 'टॉर्च' तपासणी झाली होती. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पीस आदी संसर्गांच्या प्रतिपिंडांची ही एकत्रित चाचणी होय. हर्पीसपुढे 'आय.जी.जी. पॉझिटिव्ह' असे छापलेले होते आणि तेथील खिडकीवर कोणीतरी सांगितले होते की, हा बाहेरख्यालीपणाचा रोग आहे. ती मुलगी खाली मान घालून बसली होती. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात असलं कधी नव्हतं."

आम्ही अहवाल नीट पाहिला. चाचणी एच.एस.व्ही. १ व २ यांची एकत्रित होती. म्हणजे कोणता प्रकार हेही त्यातून कळत नव्हते. मुलीला लहानपणापासून ताप आला की ओठावर फोड येत असत. आम्ही सासूबाईंना विचारले, "तुमच्या ओठाला असे फोड कधी आले होते का?" त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आले की. दर पावसाळ्यात येतात." मग त्यांना समजावून सांगणे सोपे गेले. त्यांचीही तपासणी केली तर अहवाल बहुधा तसाच येईल, हे त्यांना पटले. पुढील तपासासाठी त्या मुलीला आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविले, कारण गर्भपाताचे कारण त्या एका ओळीत नव्हते.

हा अहवाल वाचताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

आय.जी.जी. म्हणजे पूर्वी कधीतरी संसर्ग झाल्याची खूण. केव्हा, शरीराच्या कोणत्या भागी व कोणाकडून, या तिन्ही प्रश्नांना ती उत्तर देत नाही. संसर्गानंतर ती दिसू लागण्यास कित्येक आठवडे, कधी बारा आठवड्यांहूनही अधिक काळ लागतो. म्हणून नकारार्थी अहवालही ताज्या संसर्गात फसवा ठरतो.

आय.जी.एम. म्हणजे ताजा संसर्ग, हा सर्वसाधारण नियम येथे लागू पडत नाही. पुनरावर्तनातही ती आढळते व प्रकारभेद दाखवीत नाही. हर्पीसच्या निदानासाठी तिच्यावर विसंबू नये.

टाइप-स्पेसिफिक चाचणी प्रकार सांगते, परंतु तिच्यातही अंक कमी असल्यास खोटा होकार येण्याचे प्रमाण बरेच असते. लक्षणे नसलेल्या व्यक्तीची सरसकट रक्तचाचणी करू नये, अशी शिफारस अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०१६ मध्ये केली व २०२३ मध्ये कायम ठेवली.

पी.सी.आर. ही व्रणातील स्रावाची चाचणी सर्वांत भरवशाची. ती ताज्या फोडातून घ्यावी लागते. खपली धरल्यावर पाठविलेला रुग्ण उशिरा पोहोचलेला असतो. झँक स्मिअरमध्ये महाकोशिका दिसल्या तरी त्या सिम्प्लेक्स व झोस्टर दोहोंत दिसतात.

जननांगी व्रणाच्या प्रत्येक रुग्णाची व्ही.डी.आर.एल. वा आर.पी.आर. आणि एच.आय.व्ही. तपासणी झालीच पाहिजे. अनेक, उथळ, दुखरे व्रण हर्पीसकडे, तर एकच, कठीण, न दुखणारा व्रण सिफिलिसकडे बोट दाखवितो, हे खरे. परंतु नुसत्या डोळ्यांनी केलेले निदान अनेकदा चुकते आणि दोन्ही रोग एकत्रही असू शकतात. सिफिलिसचा व्रण उपचाराविनाही भरून येतो आणि रोग आत वाढत राहतो. हर्पीस समजून तो सोडणे हे अक्षम्य ठरेल.

एच.आय.व्ही.चा उल्लेख आम्ही उगाच करीत नाही. पुण्यातील लैंगिक रोग चिकित्सालयांत १९९३ ते २००० या काळात आलेल्या, एच.आय.व्ही. नसलेल्या २७३२ रुग्णांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४३ टक्क्यांना आरंभीच एच.एस.व्ही. २ चा संसर्ग होता आणि ज्यांना तो नुकताच झाला होता त्यांच्यात एच.आय.व्ही. होण्याचा धोका जवळजवळ पावणेचार पट आढळला. हे आकडे विशिष्ट चिकित्सालयांतील आहेत, खेड्यांतील नव्हेत. परंतु आपल्या भागातील कितीतरी कर्ते पुरुष पुण्या-मुंबईत राबतात व सणावाराला घरी येतात, हे आपण विसरता कामा नये.

गर्भिणीच्या बाबतीत शब्दांचा क्रम आणखी निर्णायक आहे. प्रसूतीच्या सुमारास प्रथमच संसर्ग झालेल्या मातेकडून बालकाला तो होण्याचा संभव ३० ते ५० टक्के, तर जुन्या, पुनरावर्ती रोगात तो एक टक्क्याहून कमी. म्हणून 'फोड आले आहेत' एवढे पुरेसे नाही. 'पहिल्यांदा की पूर्वीही' हे विचारलेच पाहिजे. प्रसववेदना सुरू होताना व्रण वा पूर्वरूप असेल तर शस्त्रक्रियेने प्रसूती करावी लागते. तोरण्याच्या पायथ्यापासून मोठे रुग्णालय किती दूर आहे हे आपण जाणतो. तेव्हा ही चौकशी सातव्या-आठव्या महिन्यातच व्हावी.

औषधाच्या दुकानात

आमच्या औषध विक्रेत्या बंधूंसाठी काही शब्द. असायक्लोव्हिर हे औषध विषाणूची वाढ रोखते, सुप्त विषाणूला नष्ट करीत नाही. चिठ्ठीवर 'एपिसोडिक' असेल तर ते वेगापुरते असते व पूर्वरूपात किंवा फोड उठल्याच्या पहिल्या दिवशी सुरू केल्यास उपयोगी पडते. 'सप्रेसिव्ह' असेल तर ते रोज, दीर्घकाळ घ्यावयाचे असते. 'फोड गेले, आता कशाला घेता?' असा आपुलकीचा सल्ला दुसऱ्या रुग्णाला दिल्यास त्याचे नुकसान होते. जननांगी हर्पीसमध्ये नुसत्या असायक्लोव्हिर मलमाचा लाभ नगण्य आहे. आणि क्लोबेटासॉल, बुरशीनाशक व प्रतिजैविक यांची एकत्रित मलमे जांघेच्या कोणत्याही तक्रारीवर चिठ्ठीविना देण्याची प्रथा तर ताबडतोब थांबावयास हवी. स्टेरॉइडमुळे व्रणाचे रूपच बदलून जाते.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने लक्षणाधारित उपचारांसाठी रंगीत संच आखले. त्यांत लाल संच हर्पीसच्या व्रणासाठी, तर पांढरा अन्य जननांगी व्रणांसाठी ठरविला गेला. सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मधून आलेल्या रुग्णाच्या हाती असा संच दिसल्यास त्याचा रंग रुग्णाचे निदान बोलून दाखवितो. दुकानातील इतर गिऱ्हाइकांसमोर त्याची चर्चा होऊ नये.

आपल्या औषधांविषयीही प्रांजळपणे बोलावयास हवे. त्रिफळा क्वाथाने धावन, शतधौत घृताचा लेप यांनी दाह शमतो असा आमचा अनुभव आहे. परंतु हा रोग स्वभावतःच दोन-तीन आठवड्यांत निवळतो, पुनरावर्तनात त्याहून लवकर. त्यामुळे त्या आठवड्यात दिलेले कोणतेही औषध यशस्वी ठरल्यासारखे दिसते. या भ्रमातून 'समूळ नाश' हा शब्द जन्माला येतो. तो आपण उच्चारू नये. लैंगिक रोगांवरील उपचारांची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने निषिद्ध आहे, हेही दुकानाच्या फलकावर काय लिहावे याचा विचार करताना स्मरावे. तसेच तैल-घृतयुक्त लेपांनी रबरी निरोध कमकुवत होतो, ही सूचना लेपाबरोबर द्यावी.

रुग्णाची भाषा

रुग्ण आपल्या संज्ञा घेऊन येतो. 'गरमी' म्हणजे कधी सिफिलिस, तर कधी नुसती उष्णता. 'परमा' हा शब्द प्रमेहावरून आला, पण बोलणाऱ्याला पूयमेह म्हणावयाचे असते. 'उन्हाळी लागली' असे सांगणाऱ्या स्त्रीला मूत्रमार्गाचा दाह असेल, किंवा योनिद्वाराच्या व्रणांवरून मूत्र गेल्याने होणारी आग असेल. 'अंगावरून जातं' एवढेच सांगून ती थांबते. जागा न पाहता दिलेले औषध अशा वेळी चुकण्याचाच संभव अधिक. स्त्री-परिचारिका वा सहकारी वैद्य भगिनी उपस्थित ठेवून तपासणी करावी. ते शक्य नसल्यास भोर येथील उपजिल्हा रुग्णालयात पाठवावे. फोनवर बोलणे ज्यांना सोयीचे वाटते त्यांना १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक द्यावा.

रुग्णाला आम्ही साधारणतः असे सांगतो : "हा विषाणूचा त्रास आहे. जिवाला धोका सहसा नाही. तो अंगात राहतो, अधूनमधून डोके वर काढतो, आणि पुढे पुढे कमी होतो. फोड असताना संबंध टाळा. हा कोणाकडून व कधी आला हे आम्ही सांगू शकत नाही, आणि हा कागदही सांगू शकत नाही." शेवटचे वाक्य आम्ही पती-पत्नी दोघांसमोर, रुग्णाच्या संमतीने, दोनदा सांगतो.

आरंभी उल्लेखिलेल्या गृहस्थांचा जुना केसपेपर आम्ही मागवून घेतला. त्यावर रेघ मारून, तारीख घालून, नवे निदान लिहिले व खाली स्वाक्षरी केली. त्यांच्या पत्नीला व तिच्या वडिलांना बोलावून, आमच्याच शब्दाने हा घोटाळा झाला असे स्पष्ट सांगितले. त्या घरी परतल्या. वडील जाताना एवढेच म्हणाले, "हे तुम्ही आधी लिहायला हवं होतं." त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, तरी जुन्या कागदांवर आणि लोकांच्या तोंडी वेल्हेच आहे. गावाच्या नावाबाबत असा दुहेरी व्यवहार चालून जातो. रोगाच्या नावाबाबत तो चालत नाही, कारण तेथे दोन नावांच्या मध्ये एखादे माणूस सापडलेले असते. आपल्या संघटनेच्या सभासदांनी आपापल्या टेबलावरील जुने केसपेपर एकदा या दृष्टीने चाळून पाहावेत, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.